हातचा एक

बेरीज शिकवताना गुरुजी म्हणायचे, "आठ आणि सात पंधरा. पंधराचे पाच मांडा, हातचा एक." तो एक पाटीवर कुठंच दिसायचा नाही. हातचा म्हटलं तरी मूठ रिकामीच. तरी पुढच्या रकान्यापर्यंत त्याला सांभाळून न्यायचं आणि तिथं नेऊन ठेवायचं. नेला तर गणित बरोबर, वाटेत सांडला तर उत्तर दहानं चुकलं. गणितातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात घातक आकडा असेल तर तो हाच.

आपण 'आठवण' हा एकच शब्द सगळ्याला वापरतो. लग्नात कोण रुसलं होतं ते आठवतं, सातवीतली कविता आठवते, माहेरच्या अंगणातल्या बकुळीचा वासही आठवतो. ही सगळी ठेव आहे, पेटीत घालून ठेवलेली. हातचा मात्र ठेवीत जात नाही. काम चालू असेतोवर त्याला धरायचं, वापरायचं आणि सोडून द्यायचं. शास्त्रज्ञ याला वर्किंग मेमरी म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली तिची नीट मांडणी केली. आपल्याकडं कुणी कार्यकारी स्मृती म्हणतं, पण मला 'हातचा'च बरा वाटतो.

या हातात मावतं तरी किती? जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सांगितलं, सातच्या आसपास, दोन इकडं, दोन तिकडं. पुढं २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी हिशेब आणखी आवळला आणि खरं म्हणजे चारच्या आसपास असं म्हटलं. बायकांना हे कुणी प्रयोगशाळेत बोलावून सांगायची गरज नाही. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरीला बंद करायचाय, तव्यावरची पोळी उलटायचीय, दूधवाल्याचे अडीच लिटरचे पैसे काढायचेत, एवढं आपण आरामात पेलतो. तेवढ्यात दाराची बेल वाजते आणि शिट्ट्यांचा आकडा कुठं जातो तो जातोच.

वय वाढलं म्हणून सगळंच उणं होत नाही. शब्दांचा साठा वाढतो, माणसांची पारख वाढते. हातचा धरायची ताकद मात्र तरुणपणीच हळूहळू उतरायला लागते आणि साठी-सत्तरीत ती जाणवते. हे वयाचं आहे, रोग नव्हे. पण ज्या माणसाचं सगळं आयुष्य त्या हातच्यावरच उभं आहे, त्याला हे सांगून समाधान होत नाही.

आमच्या अक्कांचं तसंच होतं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, वय त्र्याहत्तर. लग्नानंतर चारच वर्षांत कपाळ पांढरं झालं आणि त्या निपाणीला माहेरी परत आल्या. सासऱ्यांचं भुसार मालाचं दुकान. विधवा मुलीनं गल्ल्यावर बसायचं म्हणजे त्या काळी लोक बोलणारच. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि मुलीला बसवलं, कारण तिचा हिशेब त्यांच्यापेक्षा पक्का होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, सगळं तोंडपाठ. साडेतेरा किलो डाळ, पावणेसात किलो गूळ, सव्वादोन किलो शेंगदाणे असं कुणी सांगत गेलं की शेवटचा जिन्नस पिशवीत पडायच्या आत अक्कांच्या तोंडून रक्कम बाहेर यायची. कॅल्क्युलेटर आले, पुढं माझ्या मुलानं कॉम्प्युटर आणला. तरी जुनी गिऱ्हाइकं बिल हातात घेऊन अक्कांकडं बघायची. त्यांनी मान हलवली की मगच पैसे द्यायची.

दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी अक्कांनी एकाच गिऱ्हाइकाला तीनदा तीन रकमा सांगितल्या. बरोबरच्या पोरानं मोबाईल काढला आणि चौथी सांगितली. कुणी हसलं नाही. अक्कांनी ड्रॉवर बंद केला, किल्ली माझ्या मुलापुढं ठेवली. "आजपासनं तू बस," म्हणाल्या आणि चालत घरी आल्या. त्यानंतर मागच्या सोप्यात जपमाळ घेऊन बसायला लागल्या. जप करत होत्या की नुसतेच मणी सरकवत होत्या, कोण जाणे. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पावकी इसरलो न्हाई मी. म्हणून दावू? हातचा धरला की सुटतोय बघ, एवढंच."

रोगाचं इतकं नेमकं वर्णन मी नंतर कुठल्या डॉक्टरच्या तोंडूनही ऐकलं नाही.

मुलगा आत्याचा फार लाडका. एका मोठ्या शहरातल्या एका केंद्राची रंगीत जाहिरात घेऊन तो आला. डोक्याला चुंबक लावून मेंदू तरतरीत करतात, ऑपरेशन नाही, गोळ्या नाहीत, तीस बैठका, आणि विशीतली स्मरणशक्ती परत. रक्कम वाचून मी गप्प झाले. मुलगा म्हणाला, "आई, आत्यानं या घरासाठी जन्म घातला. तिच्यासाठी एवढं जास्त आहे का?" जास्त नव्हतंच. पण आता मी नको म्हटलं असतं, तर सगळ्या भावकीत एकच अर्थ निघाला असता की भावजयीनं नणंदेचा खर्च वाचवला. त्यामुळं हो म्हणायचं की नाही, हे कळायच्या आधी ते आहे तरी काय, हे मला कळून घ्यायचं होतं.

मी कला शाखेची, विज्ञान दहावीत सुटलं. माझी भाची मेंदूच्या रुग्णांना व्यायाम शिकवते. दर रविवारी ती फोनवर माझी शिकवणी घ्यायची आणि मी वहीत लिहून घ्यायची.

चुंबक म्हटल्यावर मला पहिल्यांदा आठवल्या चुंबकाच्या गाद्या. मागं आमच्या गल्लीत त्यांची साथच आली होती. या गादीवर झोपा, गुडघे-कंबर-रक्तदाब सगळं जाईल म्हणे. हे तसलंच काही आहे का, असं मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, इथंच फरक आहे." पाण्यानं विहीर काठोकाठ भरलेली असली तरी त्यावर जातं फिरत नाही, पाणी वाहिलं पाहिजे. चुंबकाचंही तसंच. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलं की चुंबकाचं क्षेत्र बदललं, तरच जवळच्या तारेत वीज वाहते. नुसता चुंबक शेजारी पडून राहिला तर काही घडत नाही. गादीतला चुंबक पडूनच असतो. या यंत्रात मात्र इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं वळवलेलं तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ जबरदस्त वीज सोडतात. त्या क्षणाचं चुंबकीय क्षेत्र दवाखान्यातल्या एमआरआय यंत्राच्या तोडीचं, दीड ते दोन टेस्ला. कवटी त्याला अडवत नाही. आत दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत मेंदूच्या वरच्या थरात बारीकशी वीज उमटते आणि तिथल्या पेशी जाग्या होतात. त्याहून खोल ते सहसा पोचत नाही.

हे पहिल्यांदा जमवलं इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८५ साली. डोक्यावर वेटोळं धरलं, टक् आवाज झाला आणि समोरच्या माणसाच्या हाताची बोटं हलली. हाताला कुणी शिवलंही नव्हतं. मला हे वाचताना अंगावर काटा आला. इच्छा नसताना आपलं बोट हलावं, हे किती विलक्षण आणि किती भीतीदायक! पुढं डॉक्टरांनी या टकटकीचा उपयोग मनाच्या आजारांसाठी केला. औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ साली या उपचाराला सरकारी मान्यता मिळाली. आपल्याकडंही बंगळूरच्या निम्हान्ससारख्या ठिकाणी तो वापरतात. जाहिरातीत 'मान्यताप्राप्त' लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. पण मान्यता कशासाठी, ते लिहिलं नव्हतं.

मग हातच्याचं काय? भाचीनं अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा एक प्रयोग समजावून सांगितला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात तरुण होते आणि धडधाकट म्हातारी माणसंही होती. पडद्यावर काही अक्षरं दाखवायची, मग पुसून टाकायची, आणि माणसानं ती मनातल्या मनात वर्णमालेच्या क्रमानं लावायची. तुम्हीच करून बघा. म, ख, प, त, ज. आता कागदाकडं न बघता क्रमानं लावा आणि सांगा, चौथं अक्षर कोणतं? 'प' म्हणालात तर शाबास. पाच अक्षरांना जमलं, तर सात घ्या, मग आठ. कुठल्यातरी पायरीवर ती हातातून निसटायला लागतात. अक्कांचा बाजारचा दिवस म्हणजे हीच परीक्षा, फक्त अक्षरांच्या जागी डाळ-गूळ.

ही माणसं मनात अक्षरं लावत असतानाच त्यांच्या डोक्यावर, डाव्या कपाळाच्या जरा वर आणि बाजूला, सेकंदाला पाच या हिशेबानं टकटक चालू होती. हातचा सांभाळायचं काम करणाऱ्या भागांपैकी तो एक मुख्य भाग. नेमकी जागा प्रत्येकाच्या मेंदूचं चित्र काढून ठरवली होती आणि डोकं हललं तरी वेटोळं जागेवर राहावं म्हणून ते यंत्रमानवाच्या हातात दिलं होतं. काही वेळा वेटोळं खरं असायचं, काही वेळा फसवं. फसवं म्हणजे वाटायला खऱ्यासारखंच, पण मेंदूपर्यंत काही पोचवायचं नाही. नुसत्या आशेनं माणूस किती हुशार होतो, तेही मोजायला नको का?

निष्कर्ष असा की खऱ्या टकटकीखाली उत्तरं जास्त बरोबर आली, पण फक्त सगळ्यात अवघड पायरीवर. सोप्या पायऱ्यांवर काही फरक नाही. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या कुवतीनुसार अवघड परीक्षा दिली होती, त्यामुळं तरुण आणि म्हातारे यांच्यात बरोबर उत्तरांच्या बाबतीत फरक दिसला नाही. म्हणून दोघांची आकडेवारी एकत्रच धरली. मला हे फार बरं वाटलं. ओझं बेताचं असेल तर मेंदू आपला आपण पेलतो. पार वाकायची वेळ आली की कोपराला मिळालेला आधार जाणवतो.

पण वही पुन्हा पुन्हा वाचताना एक गोष्ट टोचायला लागली. हा आधार टकटक चालू असतानाचा. खुर्चीतून उठून माणूस घरी गेला, दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसला, तर तो उरतो का, हे या प्रयोगानं विचारलेलंच नव्हतं.

त्याच वर्षी शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं आणखी एक प्रयोग मांडला. चौसष्ट ते ऐंशी वयाची जेमतेम पंधरा-सोळा माणसं, रोज वीस मिनिटं, पाच दिवस. दुसऱ्या दिवशी तपासलं तर त्यांच्या आठवणीचे गुण तरुणांच्या बरोबरीला आले होते. पण ती होती पाहिलेल्या गोष्टींच्या जोड्या लक्षात ठेवायची परीक्षा. म्हणजे हातचा नव्हे, ठेव. आणि माणसं इतकी थोडी, की आमच्या एका पंगतीतही जास्त असतात. पंधरा माणसांना मानवलं म्हणून गावाला मानवेल, असं स्वयंपाकातसुद्धा कुणी धरत नाही.

एवढं कळल्यावर मी त्या केंद्राला फोन केला. वहीत तीन प्रश्न लिहिले होते. अक्कांसारखीच तक्रार असलेल्या किती माणसांवर तुम्ही हे करून पाहिलं? सहा महिन्यांनी काय राहिलं? फसवं वेटोळं लावून कधी ताडून पाहिलं का? पलीकडची मुलगी गोड होती. म्हणाली, "मॅडम, या आठवड्यात बुकिंग केलंत तर वीस टक्के सूट आहे."

मुलाला मी सगळं वाचून दाखवलं. तो चिडला. "तुला शंभर टक्के खात्री हवी. तोवर आत्या काय तशीच बसणार?" त्याचं हे म्हणणंही सोडून देण्यासारखं नव्हतं. म्हातारपणी वेळ हाच खर्च असतो. आम्हा दोघांचा आवाज चढला तेव्हा अक्का सोप्यातून आत आल्या.

"डोस्कं कुणाचं?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघं गप्प.

"माझंच न्हवं? मग मला इचारलं का कुणी?"

मग मी अक्कांना सगळं सांगितलं. मशीन, टकटक, अक्षरं, फसवं वेटोळं, पैसे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मशीन काढल्यावर ऱ्हातंय का त्ये?" ज्या प्रश्नाशी यायला मला महिना लागला, तिथं त्या दहा मिनिटांत पोचल्या. माझं उत्तर ऐकून म्हणाल्या, "मग आधी साधा डाक्तर बघू या."

आम्ही बेळगावला गेलो. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी अक्कांना घाई केली नाही. झोप कशी आहे, गोळ्या कुठल्या चालू आहेत, मन लागतं का, सगळं विचारलं. रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं, कान तपासायला पाठवलं. दोन गोष्टी निघाल्या. डाव्या कानानं अक्कांना बरंच कमी ऐकू येत होतं. बाजाराच्या गलक्यात 'पावणेसात' की 'पावणेसाठ', एवढं ऐकायलाच सगळी ताकद जायची. हातचा धरायला उरणार काय? आणि बी-ट्वेल्व्ह फार खाली गेलं होतं. आपण शाकाहारी लोक ते मिळवतो मुख्यतः दुधा-दह्यातून. अक्कांनी तर कित्येक वर्षांपूर्वी दूध आणि दही या दोन रसांचा त्याग घेतलेला. त्यात उतारवयात अन्नातून ते अंगी लागणंही कमी होतं. डॉक्टर कॅप्सूल लिहायला लागले, तेव्हा अक्कांनी वरचं कवच कशाचं ते विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. इंजेक्शन लिहून दिलं.

चुंबकाविषयी मी विचारलंच. ते म्हणाले, नैराश्य असतं तर मीच पाठवलं असतं. या तक्रारीसाठी तो अजून उपचार नाही, अभ्यास आहे. अभ्यासात भाग घेतला तर माणसाकडून पैसे घेत नसतात. डोक्यात धातूची वस्तू असेल, पेसमेकर असेल, कधी फिट येऊन गेली असेल, तर आधी शंभरदा विचार करावा लागतो, हेही त्यांनी सांगितलं. स्मृतिभ्रंशाची खूण आज दिसत नाही, वर्षानं पुन्हा बघू.

सहा महिने झाले. कानात यंत्र आहे, इंजेक्शनं चालू आहेत. अक्का पूर्वीच्या अक्का झाल्या, असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालेलं नाही. पण सकाळचे दोन तास त्या दुकानात जाऊन बसतात. समोर एक कागदाची चळत आणि पेन्सिल. हातचा आला की कोपऱ्यात मांडतात. एके काळी असा कागदावर हातचा मांडणाऱ्या नोकराला त्या "कच्चा गडी" म्हणायच्या. मी त्यांना श्रुतपंचमीची आठवण दिली. धरसेनाचार्यांना वाटलं की स्मरणात चालत आलेलं श्रुत आता क्षीण होत चाललंय. म्हणून त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोघांना ते दिलं, आणि षट्खंडागम लिहून पुरा झाला, तो दिवस आपण ज्येष्ठ शुद्ध पंचमीला साजरा करतो. एवढ्या मोठ्या माणसांनी लिहून ठेवण्यात कमीपणा मानला नाही. अक्का म्हणाल्या, "त्यांनी आगम लिवला. मी गुळाचा भाव लिवतो." पण त्यांना बरं वाटलं, ते दिसलं.

मला मात्र या सगळ्या काळात राजचंद्र आठवत राहिले. १८८७ साली मुंबईत, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी एका वेळी शंभर गोष्टींवर लक्ष ठेवून शतावधानाचा प्रयोग करून दाखवला होता. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या तरुण गांधीजींनीही त्यांची परीक्षा घेतली. येत होते ते सगळे परदेशी शब्द एकामागून एक सांगितले, आणि राजचंद्रांनी ते त्याच क्रमानं परत म्हणून दाखवले. पण गांधीजींवर छाप पडली ती या शक्तीची नव्हे, माणसाच्या चारित्र्याची. आणि खुद्द राजचंद्रांनी ते जाहीर प्रयोग ऐन तारुण्यात सोडून दिले. जी शक्ती मिळवायला आज माणसं डोक्याला यंत्र लावायला तयार आहेत, ती हातात असताना त्यांनी बाजूला ठेवली, कारण त्यांना जिकडं जायचं होतं त्या वाटेवर तिचा उपयोग नव्हता.

आपण राजचंद्र नव्हे. आपल्याला हातचा हवाच असतो, दूधवाल्याच्या हिशेबाला, औषधाच्या वेळांना, बोलता बोलता वाक्य पुरं करायला. म्हणून त्या संशोधकांचं मला कौतुक आहे. जाहिरातवाल्यांनी विशी विकायला काढली, पण संशोधकांनी आपल्या लेखात तेवढंच लिहिलं जेवढं दिसलं, 'फक्त सगळ्यात अवघड पायरीवर'. उद्या आपल्या भागातल्या एखाद्या कॉलेजनं असा अभ्यास काढला आणि म्हाताऱ्या बायका हव्यात म्हटलं, तर मी नाव देईन. फसव्या वेटोळ्याखाली बसवलं तरी चालेल, तिथंही कुणीतरी बसावंच लागतं. फक्त त्यांनी अक्कांचा प्रश्न पहिल्या पानावर लिहून घ्यावा, मशीन काढल्यावर बाजार उठेपर्यंत ते टिकतं का.

तोवर रोज सकाळी दुकानात जायच्या आधी अक्का पेन्सिल माझ्याकडं देतात आणि मी तिला टोक काढून देते.